विजेच्या गाडीची निंदा

ज्या वस्तूला मी दुकानदारासमोर नावं ठेवत नाही, ती मला नकोच असते. एवढी साधी गोष्ट सरोजिनी नगरच्या फुटपाथवर टी-शर्ट विकणाऱ्या कुठल्याही माणसाला कळते. मी कापड चिमटीत धरून तोंड वाकडं केलं की तो ओळखतो, गिऱ्हाईक पक्कं आहे. आमच्या सोसायटीतल्या तीन शिकलेल्या मराठी घरांना मात्र ती कळली नाही, आणि त्यांना कळली नाही याचं खापर अजून माझ्याच डोक्यावर फुटतं. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

मी अकोल्याहून दिल्लीला आलो तेव्हा माझे मामा कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात नोकरीला होते आणि सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते. त्यांच्या व्हरांड्यात माझी खाट. दिवसा नोकरी शोधायची, संध्याकाळी बाजारात हिंडायचं. त्या बाजारात मी जे शिकलो त्याची पदवी मिळत नाही, पण पोट भरतं. हात जोडून भाव उतरत नाही. वस्तूची लाज काढली की उतरतो. पुढे साहिबाबादला लोखंडी रॅक बनवायचा कारखाना काढला तोही याच विद्येवर. पत्र्याच्या व्यापाऱ्याला त्याचाच पत्रा मी असा काही उलटासुलटा करून दाखवतो, की तो विकायला आणल्याची त्याला शरम वाटावी.

आयपी एक्स्टेंशनमधल्या ज्या सोसायटीत आम्ही राहतो, तिथं आमच्या ब्लॉकमध्ये मराठी घरं चार. एक आमचं. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त अवर सचिव. त्यांना सगळे साहेब म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. चौथ्यावर एका बँकेतले मॅनेजर. आणि आमच्या समोरच्या दारात कॉलेजात शिकवणाऱ्या एक प्राध्यापक बाई. यांच्यापैकी कुणालाही फ्रिज घ्यायचा असो, सोफा घ्यायचा असो, नाहीतर मुलीच्या लग्नाचा हॉल ठरवायचा असो, निरोप यायचा, "भाऊंना सोबत न्या." मी जायचो, भांडायचो, भाव पाडून द्यायचो. हे लोक मागे उभे राहून सभ्य दिसायचे. चार माणसांना सभ्य दिसायचं असेल तर पाचव्याला असभ्य व्हावं लागतं. ते खातं इतकी वर्षं माझ्याकडे होतं. त्याबद्दल कुणी चहासुद्धा बाहेर पाजला नाही. चहा घरीच, तोही साखर कमी.

दहा वर्षांपूर्वी या चारही घरांनी माझ्या सल्ल्याने डिझेलच्या गाड्या घेतल्या. मी त्या शोरूमवाल्याला रडवलं होतं. दिल्लीत डिझेल गाडीचं आयुष्य दहाच वर्षं धरतात, हा नियम तेव्हाही कानावर होता. पण साहेबांनी स्वतः सोफ्यावर रेलून सांगितलं होतं, "भाऊ, हे टिकणार नाही. असली प्रकरणं मी फाइलवर पाहिली आहेत." प्रकरण टिकलं, साहेब निवृत्त झाले. नियम कधी कडक व्हायचा, कधी ढिला पडायचा. जुन्या गाड्या पकडायला पेट्रोल पंपावर कॅमेरे लागले, मग म्हणे तूर्त थांबा, मग पुन्हा हवा बिघडली की डिझेलवाल्यांनी घरी बसा. माझ्या गाडीचं इंजिन एकदाही खोकललं नव्हतं. तिला मी स्वतःच्या हातानं पॉलिश करायचो. आणि कागदावर ती मेलेली. शेवटी चारही गाड्या परराज्यातल्या दलालांनी उचलल्या, आणि दलालांनी माझ्या गाडीला माझ्याच तोंडावर जी नावं ठेवली ती ऐकून मला कळलं, समोरच्या बाजूला उभं राहिलं की कसं वाटतं.

दहा वर्षं स्वस्तात फिरले, त्याचं श्रेय नशिबाला. गाडी गेली, त्याचा दोष मला. लिफ्टमध्ये बँकवाले भेटले की हमखास विचारायचे, "काय भाऊ, आता कुठलं इंधन बंद पाडताय?"

हे झालं माझं दुखणं. खरं दुखणं बायकोच्या गुडघ्यात होतं.

ती केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आहे, आर. के. पुरमला. चाळिशी उलटल्यावर गाडी शिकली, माझ्या कारखान्यामागच्या रस्त्यावर, माझा आरडाओरडा ऐकत. शिकली ती अशी शिकली की मग कुणाला स्टिअरिंगला हात लावू देईना. सकाळी बारापुल्ल्याचा उड्डाणपूल, संध्याकाळी बारापुल्ला, आणि त्या रांगेत क्लच दाबून दाबून तिचा डावा गुडघा कामातून गेला. डॉक्टरांनी सांगितलं, क्लच बंद. डिझेल गेल्यावर ती टॅक्सीनं जाऊ लागली. टॅक्सीत मागच्या सीटवर बसून ऑफिसला जाणारी माझी बायको मी गेटपाशी रोज बघायचो. माहेरी परत धाडल्यासारखं तोंड.

मग एक दिवस ती ऑफिसमधल्या मैत्रिणीची विजेची गाडी चालवून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "अहो, आपण तीच घेऊ." माझ्या बायकोनं आजवर मला कुठली वस्तू नाव घेऊन मागितली नव्हती. ती मागत नाही, कारण मागितली की मी तिला नावं ठेवणार हे तिला माहीत आहे. मी हिशेब मांडला. रोजची ठरलेली धाव, रात्री गाडी घरीच उभी, वीज पेट्रोलच्या मानानं फुकटासारखी. कारखानदाराच्या डोक्याला पटायला आणखी काय लागतं? मी मनाशी ठरवलं, हीच.

अडचण एकच. गाडी चार्ज कुठं करायची? आमचं पार्किंग बेसमेंटमध्ये. मी सोसायटीच्या अध्यक्षांकडे, इथल्या भाषेत प्रधानांकडे, गेलो. प्रधान म्हणजे एक कपड्याचे व्यापारी, गोरेगोमटे, कायम वेलची चघळणारे. ते म्हणाले, "देखो जी, एक गाड़ी के लिए पूरे बेसमेंट में लाइन नहीं खिंचेगी. चार मालिक ले आओ, जनरल बॉडी में पास करा देंगे."

चार मालिक. आमच्या ब्लॉकमध्ये गाडीविना बसलेली मराठी घरं नेमकी चार. मला वाटलं, हे तर ताटात वाढून आलं.

मी रविवारी तिघांना चहाला बोलावलं. आणि त्या दिवशी मला कळलं की माणूस गाडी घेतो तेव्हा गाडी सोडून बाकी सगळ्याचा विचार करतो.

साहेबांची सगळी नोकरी सरकारी परिपत्रकं काढण्यात गेली, त्यामुळे सरकारच्या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. ते म्हणाले, "आज सवलत आहे, उद्या काढतील. डिझेलचं काय झालं?"

"साहेब, डिझेलचं जे झालं ते पेट्रोलचंही होईल."

"म्हणूनच म्हणतो, थांबावं."

"किती थांबावं?"

"धोरण स्पष्ट होईपर्यंत." म्हणजे प्रलयापर्यंत.

बँकवाल्यांना गाडी घ्यायची नव्हतीच, विकायची होती. अजून घेतलेली नसताना त्यांचा पहिला प्रश्न, "रीसेलला काय येईल?" बोहल्यावर उभं राहून घटस्फोटाची पोटगी ठरवणारा माणूस. मी म्हटलं, "बँकवाले, तुमच्या डिझेलला काय रीसेल आली?" त्यांनी चहाचा घोट घेतला. मग हळूच, "ती तुम्ही घ्यायला लावली होती."

प्राध्यापक बाई दिल्लीच्या हवेवर भाषणं देतात. हिवाळ्यात त्यांच्या घरात तीन एअर प्युरिफायर चालतात आणि चौथा स्वयंपाकघरात हवा म्हणून मला त्यांनी भाव काढायला सांगितलं होतं. मला वाटलं, या तरी उडी मारतील. त्या म्हणाल्या, "तत्त्वतः मी बिल्कुल याच बाजूची आहे. पण भाऊ, ती हिरवी नंबर प्लेट. लांबून टॅक्सी वाटते हो."

"मग सीएनजी घ्या."

"अय्या, ती तर खरंच टॅक्सी. आणि डिकीत सिलेंडर. नागपूरहून येताना सामान कुठं ठेवायचं?"

"तुम्ही नागपूरला गाडीनं जाता?"

"नाही, विमानानं."

"मग?"

"पण जायचं म्हटलं तर?"

हा 'जायचं म्हटलं तर' सगळ्या चर्चेचा पाया. दिल्लीतला मराठी माणूस गाडी किती धावते हे किलोमीटरमध्ये मोजत नाही, पानिपतात मोजतो. साहेबांनी पुढे झुकून विचारलं, "पानिपतच्या काला अंबला जाऊन परत येईल का?" जानेवारीत इथल्या मराठी मंडळाच्या गाड्या निघतात, स्मारकापाशी फुलं वाहायची, गूळपोळी खायची, संध्याकाळी परत. वर्षातून एकदा. उरलेले सगळे दिवस साहेबांची गाडी मदर डेअरीच्या दुधाच्या बूथपर्यंत जायची आणि दमून परत यायची. पण गाडी घ्यायची ती त्या एका दिवसासाठी.

"येईल," मी म्हणालो.

"थंडीत बॅटरी कमी चालते म्हणे," बँकवाले.

"तरी येईल."

"आणि वाटेत बंद पडली तर?" बाईंनी चकलीचा तुकडा हातात धरून विचारलं. "नेमकी पानिपतात? लोक काय म्हणतील?"

मी उठून उभा राहिलो. माझा आवाज चढला की माझी बायको खिडक्या लावते. ती उठून खिडक्या लावायला लागली. मी म्हणालो, "तुम्हाला गाडी पेट्रोलवर पळणारी पाहिजे, विजेच्या खर्चात पाहिजे, डिझेलचा रुबाब पाहिजे, वर धूर शेजारच्याच्या घरात गेला पाहिजे. असली गाडी निघाली की मी स्वतः आणून देतो. तोवर टॅक्सीत बसा!"

तिघांनी खाली बघितलं. मग बायकोनं सगळ्यांच्या कपात चहा ओतला आणि शांतपणे सांगितलं, की तिला गाडी चालवायची आहे, आणि चार घरं आली नाहीत तर बेसमेंटात लाइन येणार नाही, आणि मग तिला ती चालवता येणार नाही. बस, एवढंच. साहेब घसा साफ करून म्हणाले, "वहिनींसाठी बघायला हरकत नाही." बँकवाले म्हणाले, "चार एकदम घेतल्या तर भाव चांगला पडेल. भाऊ आहेतच." बाई म्हणाल्या, "तत्त्वतः मी तयार होतेच."

पुढच्या शनिवारी आम्ही पटपडगंजच्या एका शोरूममध्ये पोचलो. बायको ऑफिसच्या कामात अडकली होती, ती आली नाही. दारातच मी तिघांना नेहमीचं वाक्य सांगितलं, "आत कुणी तोंड उघडायचं नाही. मी बोलणार." त्यांनी माना हलवल्या.

सेल्समन कोवळा होता, टाय गळ्याला टोचत होता. त्याने टॅबलेट उघडून सुरुवात केली, "सर, ये फ्यूचर है." मी म्हटलं, "फ्यूचर बाद में, पहले ये दरवाज़ा बंद करो." त्याने केला. मी म्हटलं, "डब्बे की आवाज़ है." तिथून मी सुटलो.

सांगायला नको, पण त्या दिवशी मी रंगात होतो. मिंटो पुलाखाली पाणी साचतं, त्यात ही गाडी गेली तर आत बसलेल्याचं काय? मे महिन्यात बॅटरी तापून पेटली तर विमेवाला हात वर करणार की तुम्ही? बॅटरी मेली तर नवी बॅटरी घ्यायची की दुसरी गाडी? गाडीला आवाज नाही. दिल्लीच्या रस्त्यावर गायीसुद्धा हॉर्न ऐकून बाजूला होत नाहीत, त्या हिला ऐकणार? कोहऱ्यात, कडाक्याच्या थंडीत, यमुनेच्या पुलावर बॅटरी शून्यावर आली तर ढकलायला तुमचा शोरूम येणार? तो पोरगा "सर, ऐसा नहीं है सर" एवढंच म्हणत मागे सरकत गेला आणि शेवटी त्याने काचेच्या खोलीतून मॅनेजरला आणलं.

मॅनेजर मध्यमवयीन, चष्मा, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. अशा माणसाशी भांडायला मजा येते. त्याने पाणी मागवलं, मी प्यायलो नाही. त्याने कॉफी मागवली, मी तिलाही नावं ठेवली. मी म्हणालो, असली गाडी माझ्या दारात उभी राहिली तर लोक मला हसतील. तरी चार उचलतोय, म्हणजे तुमच्यावर उपकार. तो कॅल्क्युलेटर घेऊन बसला. पहिला आकडा आला, मी उठलो. दुसरा आला, मी चपलेत पाय घातला. तिसरा आला तेव्हा चार्जर बसवून द्यायचा खर्च त्यात धरला होता, विमा धरला होता, बॅटरीची वाढीव हमी लेखी धरली होती. तो आकडा मी अजून विसरलेलो नाही. तशा आकड्यासाठी माणूस जन्माला येतो.

मी विजयानं मागे वळलो. मागे कुणी नव्हतं.

शोरूमच्या दुसऱ्या टोकाला साहेब एका सीएनजी गाडीच्या डिकीत डोकं घालून उभे होते. बँकवाले एका पेट्रोल गाडीभोवती फेऱ्या मारत होते. बाई एका हायब्रिडमध्ये बसून आरशात स्वतःला बघत होत्या. तिघांकडे वेगवेगळे तीन सेल्समन होते.

मी धावत गेलो. "अहो, हे काय चाललंय? तिकडे ठरलं!"

"काय ठरलं?" साहेबांनी डिकीतून डोकं बाहेर काढलं. "तुम्हीच म्हणालात ना, पाण्यात गेली तर आतल्या माणसाचं काही खरं नाही."

"ते त्याला म्हणालो!"

"आम्हीही ऐकलं. मिंटो पूल माझ्या रोजच्या वाटेवर नाही, पण जायचं म्हटलं तर?"

बँकवाले आले. "भाऊ, बॅटरीचं तुम्ही इतकं मुद्देसूद बोललात, माझे तर डोळे उघडले. अच्छा झालं, वेळेवर कळलं."

"अरे, ते भाव पाडायला बोललो! गाडी चांगली आहे. उत्तम आहे. मी रोज रात्री तिचे आकडे बघून झोपतो. मी शिव्या देतो ती वस्तू मला घ्यायची असते, हे तुम्हाला इतक्या वर्षांत कळलं नाही? तुमच्या सोफ्याला मी काय म्हणालो होतो, आठवा!"

"मढ्याची खाट म्हणाला होतात," बँकवाले म्हणाले.

"मग? बसता ना त्यावर!"

बाईंनी गाडीची काच खाली केली. "म्हणजे भाऊ, तुम्ही जे बोललात ते खोटं होतं?"

"खोटं नाही हो. घासाघीस!"

"पण मग त्यातलं खरं किती?"

हा प्रश्न मला आजवर कुठल्या व्यापाऱ्यानं विचारला नव्हता. व्यापाऱ्याला गरज नसते. तोही तेवढंच खरं बोलतो. शिकलेल्या माणसांना प्रत्येक वाक्य खरं किंवा खोटं लागतं, मधलं काही चालत नाही, आणि बाजार तर सगळा मधलाच असतो. हे मी त्यांना सांगत होतो, मोठ्यानं, मराठीत, हात उडवून, कारण मराठीत बोललेलं दिल्लीत सुरक्षित असतं असा माझा समज होता. तेवढ्यात माझ्या खांद्यामागून आवाज आला.

"काका, गाडी इतकी उत्तम वाटते ना तुम्हाला? मग आता काय राहिलं?"

मॅनेजर उभा होता. चष्म्यामागे पहिल्यांदा हसू होतं.

"तुम्हाला मराठी..."

"मी ग्वाल्हेरचा. आमच्या घरात आजी मराठीच बोलत होती." आणि मग हिंदीत, अदबीनं, "सर, वो जो फ़िगर था, वो चार गाड़ियों का था. और आपको पसंद नहीं थी, इसलिए था."

कॅल्क्युलेटर त्याने खिशात ठेवला. जगात इतकी शहरं असताना त्या माणसाला ग्वाल्हेरलाच जन्माला यायचं होतं.

साहेबांनी आठवड्यात सीएनजी घेतली, बँकवाल्यांनी पेट्रोल, बाईंनी हायब्रिड. तिघांनीही छापील भावात, हसत हसत, सेल्समनच्या हातचा पेढा खाऊन. हायब्रिड का, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तत्त्वही राहतं आणि पंपही राहतो." मी त्या तिघांशी बोलणं सोडलं. त्यांना ते कळायला पंधरवडा लागला, कारण मी न बोलता राहू शकतो यावर त्यांचा विश्वास नव्हता.

बायको मला काही म्हणाली नाही. तिनं फक्त विचारलं, "आता चार मालक कुठून आणायचे?" मी म्हटलं, "मी जनरल बॉडीत लढतो." ती "बरं" म्हणाली आणि टॅक्सीत बसून गेली. तिचं 'बरं' मला लागलं.

जनरल बॉडी सोसायटीच्या हॉलमध्ये होती. प्रधानांनी विषय पुकारला, बेसमेंट में चार्जिंग लाइन. मी उभा राहिलो, वीज कंपनी वेगळं मीटर देते, खर्च आमचा, सोसायटीला तोशीस नाही, असं सगळं सांगितलं. शांतपणे सांगितलं, हे मुद्दाम नोंदवतो. प्रधान वेलची चघळत म्हणाले, "किसी को आपत्ति?"

साहेब उठले. हातात कागद. त्यांनी शोरूममधलं माझं सगळं भाषण, माझ्याच क्रमानं, शुद्ध कार्यालयीन हिंदीत हॉलला वाचून दाखवलं. पाणी साचणे. मे महिन्यातील तापमान. बॅटरी पेटण्याची शक्यता, तीही बेसमेंटमध्ये, बावन्न गाड्यांच्या मध्ये. प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी, "जैसा कि हमारे भाऊ ने स्वयं कहा है." सोसायटीतल्या पंजाबी बायका माझ्याकडे असं बघायला लागल्या, जसं मी पेटती काडी घेऊन आलोय. साहेबांवर मी चिडलो यात नवल नाही. पण त्याहून जास्त राग मला याचा आला, की माझे मुद्दे त्यांच्या तोंडून ऐकताना मलाही पटत होते. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच मला कळेना, आता मी कुठल्या बाजूनं शिवी द्यायची.

"तो फिर ना ही समझें?" प्रधान म्हणाले.

मागच्या रांगेतून माझी बायको उभी राहिली. ती कधी हॉलमध्ये आली ते मी पाहिलं नव्हतं. ऑफिसचीच साडी, खांद्याला पर्स.

"प्रधान जी, गाड़ी मैंने ले ली है," ती म्हणाली. "पैसे भर दिए. मंगळवार को... मंगल को आ रही है." आणि साहेबांकडे वळून मराठीत, "साहेब, आता काय करायचं, ते तुम्हीच सांगा. असं प्रकरण कसं निस्तारतात?"

साहेब एकदम बदलले. त्यांची पाठ ताठ झाली, हातातला कागद घडी होऊन खिशात गेला. एखादी गोष्ट व्हावी का, असं विचारलं तर साहेबांकडे हजार हरकती असतात. पण गोष्ट होऊन गेली आहे आणि आता तिला कागदावर आणायचं आहे, असं म्हटलं की साहेबांना तारुण्य येतं. त्यांनी आयुष्यभर तेच तर केलं.

"हो चुकी है तो फिर..." साहेब विचार करत म्हणाले. "कार्योत्तर मंजुरी देता येते. बिल्कुल येते." मग हिंदीत, प्रधानांना, "अप्रूवल बाद में भी होता है जी. शर्तें लगा दीजिए. अलग मीटर, अलग एमसीबी, फ़ायर एक्स्टिंग्विशर, एक अंडरटेकिंग. मसौदा मैं बना देता हूँ."

ज्या पेटत्या बेसमेंटचं चित्र त्यांनी आत्ताच रंगवलं होतं, ते दोन वाक्यांत विझलं. आग, पूर, मे महिना, सगळं अटींमध्ये बसलं. प्रधानांनी हात वर करायला सांगितले. बाईंनी दोन्ही हात वर केले. बँकवाल्यांनीही एक केला.

जिन्यात मी बायकोला गाठलं. "पैसे भरलेस? कुठल्या भावात?"

"जो लिहिला होता त्या."

"छापील?"

"हो."

"मॅट? सीट कव्हर? काही तरी फुकट मागितलंस की नाही?"

"नाही." ती एक एक पायरी चढत होती, डावा पाय जपून. "त्यांना म्हटलं, गाडी चांगली आहे, मला आवडली, द्या. त्यांनी दिली. दहा मिनिटांत बाहेर आले." मग वरच्या पायरीवर थांबून, "तो मॅनेजर तुमची चौकशी करत होता. भला माणूस आहे."

मी त्या रात्री जेवलो नाही असं नाही, पण चव लागली नाही. छापील भाव! आमच्या खानदानात असं कुणी केलं नव्हतं. आवडली म्हणून तोंडावर सांगून आली. म्हणजे मी त्या मॅनेजरचा जो नफा पाडला होता तो तिनं त्याला परत नेऊन दिला, वर भला माणूसही तोच.

लाइन आली, मीटर बसलं. पहिल्या चकरेच्या सकाळी बायकोनं गाडी बेसमेंटच्या उतारावरून वर आणली, तेव्हा गेटपाशी तिघेही उभे होते. साहेब पुढच्या सीटवर बसले, जसं काही मंजुरीबरोबर तीही मिळाली होती. मागे बाई, बँकवाले आणि बँकवाल्यांची बायको. "वहिनी, अक्षरधामपर्यंत एक चक्कर. चलो!" बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "भाऊ, तुम्ही पुढच्या फेरीत." बायकोनं माझ्याकडे पाहिलं, हसली, आणि गाडी आवाज न करता निघाली. तिचा डावा पाय मोकळा होता. एवढं मात्र मी पाहिलं, आणि ते पाहून माझा राग थोडा कमी झाला. थोडाच.

गेटवरचा गार्ड गाडी वळेपर्यंत बघत राहिला. मग त्यानं दिल्लीत कुणीही कुठल्याही नव्या वस्तूबद्दल विचारतो तो प्रश्न मला विचारला. "कितने की पड़ी, साहब?"

मी त्याला मॅनेजरचा तिसरा आकडा सांगितला.

"बढ़िया मिल गई," तो म्हणाला.

"मिलनी ही थी," मी म्हणालो, आणि कारखान्यात जायला रिक्षा बघू लागलो.